भरती येईपर्यंतचं भांडण

पाव भट्टीतून बाहेर काढला की गप्प बसत नाही.

•

सासूबाई म्हणतात, “भांडायला दोघं जागे लागतात.”

•

ओहोटीला त्या बेटाच्या टोकाशी समुद्र वाळूची एक वाट उघडून देतो. मग, जणू काही झालंच नाही अशा थाटात, ती परत मिटून टाकतो.

•

माझा नवरा मला सिस्टर म्हणतो. लोक वळून बघतात.

•

रात्रपाळी करणाऱ्या बाईला सूर्य म्हणजे समोरच्या घरातला भाडेकरू. आहे हे माहीत असतं, ओळख नसते.

•

मावशींना लांबून वाटलं, आम्ही नाचतोय.

•

यातलं कशाचं कशाशी जुळत नाही, असं वाटेल. आमचं लग्नही असंच होतं, तुकड्यातुकड्यांचं. आणि मला ते तसंच आवडायचं. सांगते.

चढताना

मी त्या इमारतीत राहायला आले, तेव्हाच्या पहिल्याच पहाटेची गोष्ट. रात्रपाळी संपवून परतत होते. पाय सुजलेले, बूट काढून हातात घेतलेले, केसांना वॉर्डातल्या औषधांचा वास. पाचव्या मजल्यावर माझी भाड्याची खोली. तिसरा मजला संपवून चौथ्याकडे वळले, तर वरून कोणीतरी शीळ घालत उतरत होतं. इतक्या पहाटे इतका खूश असणारा माणूस एक तर चोर असतो, नाही तर वेडा.

मी कठड्याला धरून उभी राहिले. तो समोर आला. उंच, बाह्या दुमडलेल्या, मनगटावर भाजल्याचा जुना डाग. त्याने आधी माझ्या हातातल्या बुटांकडे पाहिलं, मग गणवेशाकडे, मग चेहऱ्याकडे. क्रम मला चांगला आठवतो.

“जरा वाट देता का, सिस्टर?”

“मी तुमची सिस्टर नाही.”

तो एक पायरी उतरला. थांबला. मान वळवली.

“हे फार बरं झालं,” म्हणाला, आणि शीळ जिथे सोडली होती तिथून उचलून खाली निघून गेला.

याला काय उत्तर द्यायचं ते मला तेव्हा सुचलं नाही. दिवसभर झोप लागली नाही म्हणा, किंवा झोपेतही मी उत्तरच शोधत होते म्हणा… संध्याकाळी कामावर जायला निघाले तेव्हा उत्तर तयार होतं.

उतरताना

तो चढत होता. हातात कागदाची पिशवी.

“पहाटे शीळ घालत उतरणारे लोक कोण असतात?” मी वरूनच विचारलं. “चोर?”

“चोर संध्याकाळी त्याच घरी परत येत नाही. माझी बेकरी आहे, पलीकडच्या चौकात. पहाटे भट्टी पेटवतो, दिवस मावळला की घरी. चौथा मजला, आईसोबत.”

“म्हणजे तुम्ही येता तेव्हा मी जाते.”

“आणि तुम्ही येता तेव्हा मी जातो.”

“म्हणजे आपली भेट जिन्यातच.”

“हे तुम्ही ठरवलंत?”

“मी कशाला? पाळ्यांनी ठरवलं.”

त्याने पिशवीतून एक गोल पाव काढून माझ्या हातावर ठेवला. अजून कोमट होता. मी तो नाकाशी धरला आणि त्याने नजर दुसरीकडे वळवली. मी वास घेतेय हे त्याला बघवलं नाही की फार बघावंसं वाटलं, हे मला लग्नानंतर कळलं.

मग रोजचंच झालं. पहाटे मी चढणार, तो उतरणार. संध्याकाळी उलट. तो माझ्यापेक्षा बराच उंच. पण मी एक पायरी वर थांबले की आमचे डोळे बरोबर समोरासमोर यायचे. ती पायरी आम्ही दोघांनी न बोलता पक्की केली होती. बोलायला जेमतेम वेळ. पण काय बोलणं असायचं! एक वाक्य त्याचं, एक माझं, दोन्ही अशी घासूनपुसून लख्ख केलेली. लग्नाचं त्याने तिथेच विचारलं.

“सिस्टर, पाचव्याऐवजी चौथ्यावर थांबलात तर तुमचे पाय कमी दुखतील.”

“पायांची एवढी काळजी?”

“पहिल्या दिवसापासून. बुटांकडे आधी बघितलं होतं मी.”

लग्न झालं. मी एक मजला खाली उतरले, एवढंच काय ते स्थलांतर. पाळ्या त्याच राहिल्या. त्याच्या अंगाची ऊब राहिलेल्या गादीवर मी पहाटे पडायचे, माझ्या केसांचा वास लागलेल्या उशीवर तो रात्री झोपायचा. कधी त्याची सुट्टी, तर कधी माझी. दोन्ही एकत्र आल्याच तर आमच्यातलं एक कोणीतरी झोपलेलं असायचं.

इमारतीतल्या बायका सासूबाईंना म्हणायच्या, “नशीब काढलंत हो! सून आली, पण घरातून कधी आवाज म्हणून नाही.”

“येणार कुठून?” सासूबाई म्हणायच्या. “भांडायला दोघं जागे लागतात. आमच्याकडे एक जण कायम घोरत असतो.”

सगळे हसायचे. मीही. पण त्या वाक्याचं एक कुसळ माझ्या मनात रुतून बसलं होतं. ते ठसठसायला लागलं, कारण आमच्या मेट्रनबाईंनी मला बोलावून सांगितलं, “दिवसपाळीची प्रमुख म्हणून तुझं नाव पुढे केलंय. रजेवरून आलीस की हो किंवा नाही ते सांग.”

दिवसपाळी! म्हणजे संध्याकाळी तो घरी येईल तेव्हा मी घरात. रात्री दोघं घरात. पहाटेही. कुठल्याही दुसऱ्या बाईने पेढे वाटले असते. मी मात्र धास्तावले. कारण सासूबाई जे गमतीत म्हणत होत्या ते खरं असलं तर? आमचं प्रेम जिन्यापुरतंच असलं तर? कोमट पावासारखं, हातात देईपर्यंत छान…

त्याला मी काही सांगितलं नाही. वेळच नव्हता. जिन्यात असलं बोलत नाहीत.

जिथे काही नाही

बेकरीच्या भट्टीच्या विटा बदलायच्या होत्या, म्हणून भट्टी आठवडाभर थंड राहणार होती. ती रजा मी त्यासाठीच टाकली होती. बेट त्याने शोधलं.

“काय काय आहे तिथे?” मी विचारलं. अर्थातच जिन्यात.

“वीज नाही. पंखा नाही. फोन लागत नाही. नळ नाही, विहीर आहे. होडी आठवड्यातून एकदाच ये-जा करते.”

“नाही-नाही काय ऐकवतोस? आहे काय ते सांग.”

“तू आणि मी.”

अशी वाक्यं त्याला कुठून सुचतात, असं मला तेव्हा वाटायचं.

बेटावर एकच घर भाड्याने मिळतं. लाकडी खांबांवर उभं, खाली वाळू, वर झावळ्यांचं छप्पर, चढायला लाकडी पायऱ्या. आत एक पलंग, एक मच्छरदाणी, एक कंदील. अंघोळ म्हणजे विहिरीतून ओढलेली बादली आणि भोवती झावळ्या विणून केलेल्या झापांचा आडोसा. आरसा नव्हता. मी त्याला विचारायचे, कशी दिसते? तो म्हणायचा, खारट.

घर सांभाळणाऱ्या बाईंना आम्ही पहिल्याच दिवसापासून मावशी म्हणायला लागलो. त्यांचे यजमान होडी चालवायचे आणि बोलायचे नाहीत. मावशी दोघांच्या वाटचं बोलायच्या.

सपाट वाळूवर पहिल्यांदा त्याच्या बाजूला चालले तेव्हा मला तो फार उंच वाटला. मान वर करून बोलावं लागत होतं. पायरी नव्हती ना.

आणि मग काय झालं? काहीच नाही! शरीरं आमच्या आधीच्याच पाळ्यांवर होती. दिवस मावळला की त्याचे डोळे मिटायला लागायचे, आणि माझे त्याच वेळी उघडायचे, घुबडासारखे. तो झोपला की मी पाय न वाजवता बाहेर दारापुढच्या सोप्यावर येऊन बसायचे, त्याची झोप मोडू नये म्हणून. उजाडता उजाडता मला गुंगी यायची. तेवढ्यात तो उठायचा, माझी झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन बाहेर पडायचा आणि मावशींच्या रांधणघरात जाऊन बसायचा. तिथे पत्र्याच्या पिंपाची एक भट्टी होती. भट्टी दिसल्यावर त्याला कोण आवरणार? मी उठेपर्यंत दिवस कलायला लागलेला असायचा.

एका दुपारी मावशींनी माझ्यासमोर ताट ठेवलं आणि फतकल मारून बसल्या.

“पोरी, खरं सांग. भांडण झालंय ना?”

“नाही हो, मावशी.”

“मग एकेकटे का जेवता? तो सकाळी जेवून गेला. तू आत्ता उगवलीस. अगं, इथे जोडपी येतात ती एकमेकांना सोडत नाहीत. हाका मारून जेवायला उठवावं लागतं. आणि तुम्ही? पहारेकरी आहात का, पाळ्या लावून घ्यायला?”

“आमचं कधी भांडण होत नाही, मावशी,” मी जरा ऐटीतच म्हटलं.

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी ताप नसलेल्या पण पिवळ्या पडलेल्या पेशंटकडे बघते.

“कधीच नाही?”

“कधीच नाही.”

“अरे देवा,” मावशी म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

परत जिना

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी सोप्यावरून उठून, पाण्यात पाय बुडवून घराकडे परतले. पायऱ्या चढायला लागले. त्याच वेळी दार हळूच उघडलं आणि तो चपला हातात घेऊन उतरायला लागला.

आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो.

तो वर होता, मी खाली, पायऱ्या अरुंद, समुद्र मागे. त्याच्या हातात चपला, माझ्या हातात चपला.

“जरा वाट देता का, सिस्टर?” तो हळूच म्हणाला.

मला असं हसू फुटलं की कठडा धरावा लागला. तोही हसत सुटला. सगळं सोडून, होडीत बसून, ओकाऱ्या काढत समुद्र ओलांडला, आणि शेवटी भेटलो कुठे? जिन्यातच!

मग हसणं ओसरलं. ही गोष्ट फक्त हसण्यासारखी नव्हती, हे त्यालाही कळलं होतं.

“आज तू झोपू नकोस,” तो म्हणाला.

“आज तू भट्टीकडे जाऊ नकोस.”

“दिवसभर?”

“दिवसभर. बघू तरी.”

“काय बघू?”

“ते… कळेल.”

वाळूची वाट, लांबून

हा भाग मावशींनी पाहिला तसा आधी सांगते.

दिवस चढल्यावर ओहोटी लागली आणि टोकाकडची वाट उघडी पडली. वाट संपते तिथे एक मोठा काळा खडक आहे, माथ्यावर चार माणसं आरामात बसतील एवढा. भरतीचं पाणी त्याच्या माथ्याला कधी लागत नाही. आम्ही दोघं तिकडे निघालो. मावशींनी ओरडून सांगितलं, “पाणी फिरायच्या आत परत या! पायाला गार लागलं की निघायचं, बोलत बसायचं नाही!”

आम्ही हात हलवले.

मग मावशी अंगणात मासे वाळत घालत होत्या. मधूनच बघत होत्या. दोन ठिपके खडकाशी पोचले. उभे राहिले. मग एक ठिपका हातवारे करायला लागला. मग दुसरा. एक पुढे, एक मागे. एकाने कमरेवर हात ठेवले. दुसऱ्याने आकाशाकडे दोन्ही हात उचलले. मावशी यजमानांना म्हणाल्या, “बघा हो, नाचतायत पोरं! मी उगाच काळजी करत होते.”

यजमान बोलत नाहीत, पण बराच वेळ बघून म्हणाले, “पाणी फिरलं.”

वाळूची वाट, जवळून

खडकाशी पोचल्यावर मी त्याला दिवसपाळीचं सांगितलं.

मला वाटलं होतं तो मला उचलून गरागरा फिरवेल. निदान ‘अरे वा!’ तरी म्हणेल. तो पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत राहिला.

“म्हणजे मी घरी येईन तेव्हा तू घरी असणार?”

“हो. त्यालाच संसार म्हणतात.”

“रोज?”

“रोज म्हणजे? वार लावून देऊ?”

“तसं नाही… विचार करून घे. घाई काय आहे?”

“तुला नकोय का?”

“मी नको म्हटलं का?”

“हो तरी कुठे म्हटलंस?”

इथून पुढे आवाज चढले. आधी त्याचा की माझा, हे अजून ठरायचं आहे. मी म्हटलं, तुला बायको जिन्यापुरतीच हवी आहे. तो म्हणाला, तुला रात्रपाळी सोडवत नाही आणि खापर माझ्यावर फोडतेस. मी म्हटलं, पिठाचे पाय घेऊन घरभर फिरतोस आणि पुसते मी. तो म्हणाला, झोपलेल्या माणसाशी बोलतेस तू, अर्धवट ऐकू येतं आणि दिवसभर डोक्यात घोळत राहतं. मी म्हटलं, चारचौघांत सिस्टर म्हणतोस, त्या दिवशी तो भाजीवाला कसा बघत होता! तो म्हणाला, आणि तू माझा हात धरतेस तो प्रेमाने धरतेस की नाडी बघतेस?

“नाडी बघते! बिघडलं कुठे?”

“मग किती असते माझी?”

“मी आले की वाढते!”

“हे भांडण आहे की काय आहे?” तो ओरडला.

“मला काय विचारतोस? मी पण पहिल्यांदाच करतेय!”

पायाला गार लागलं. मला कळलं. त्यालाही कळलं, कारण त्याने एक पाय उचलून दुसऱ्या जागी ठेवला. पण बोलायची पाळी त्याची होती, आणि त्यानंतर माझी होती, आणि मध्येच ‘चला, पाणी आलं’ म्हणणारा हरला असता. मुरलेले नवरा-बायको भांडण अर्धवट ठेवून आधी गॅसवरचं दूध उतरवतात, मग जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू करतात. हे सगळ्या जगाला माहीत आहे. आम्ही नवशिके. भांडण मध्येच थांबवता येतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. भांडायला किती वेळ लागतो याचाही अंदाज नव्हता.

पाणी घोट्यावर आलं तेव्हा आम्ही खडकाच्या पहिल्या टप्प्यावर चढलो, भांडतच. पोटऱ्यांशी आलं तेव्हा दुसऱ्या. मग तो बोलता बोलता थांबला आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला.

मी वळून पाहिलं. वाट नव्हती. होता तो नुसता समुद्र, आणि पलीकडे अंगणात हात हलवणाऱ्या मावशी.

यजमानांनी होडी काढली होती. लांब उभी करून त्यांनी दोन्ही तळवे खाली दाबून दाखवले. बसा. वाटेवरून पाणी उसळत होतं तोवर होडी खडकाशी लावता येणार नव्हती. पाणी पुरतं भरून शांत व्हायला हवं होतं. म्हणजे दिवस कलेपर्यंत.

खडकावर

माथ्यावर बसलो. मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

एक सर आली. इवलीशी, फिरायला निघालेली. त्याने खांद्यावरचा टॉवेल उलगडला आणि न विचारता माझ्या डोक्यावर धरला. स्वतः भिजत बसला. अंतर आपोआप कमी झालं. टॉवेल तेवढाच होता ना.

सर गेली. टॉवेल पिळून झाला. मग करायला काहीच उरलं नाही.

“बोल काहीतरी,” मी म्हटलं.

“काय बोलू?”

“जिन्यात कसा बोलतोस!”

त्याने टॉवेलची घडी घातली, मोडली. मग समुद्राकडे बघत म्हणाला, “जिन्यात बोलायचं ते मी दिवसभर जुळवतो, सिस्टर. कणीक मळताना. एखादं वाक्य जमलं नाही तर पुन्हा मळतो. ‘तू आणि मी’ या वाक्याला सकाळपासून संध्याकाळ गेली होती.” त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. “घरी मी असा नसतो. घरी आलो की माझ्याकडे बोलायला काही नसतं. मी भिंतीसारखा असतो. आईला विचार. रोज संध्याकाळी तू अशा भिंतीसमोर बसणार… आणि एक दिवस तुला वाटेल, कुठे गेला तो जिन्यातला? म्हणून मी हो म्हटलं नाही.”

हे ऐकून मला राग यायला हवा होता. आलाही, पण फार टिकला नाही.

“म्हणजे ते सगळं पाठ केलेलं?”

“तुझं नव्हतं?”

आता ओशाळायची पाळी माझी होती. कारण मी माझी वाक्यं वॉर्डात फेरी मारताना जुळवायचे. सलाईन बदलताना मनात म्हणून बघायचे. एका आजोबांना तर त्यातली दोन ऐकवून विचारलंही होतं, कोणतं बरं वाटतं? तेही मी त्याला सांगून टाकलं.

“कोणतं बरं वाटलं त्यांना?” त्याने विचारलं.

“त्यांनी मूत्रपात्र मागितलं.”

तो इतका हसला की होडीतल्या यजमानांनी मान वर करून पाहिलं.

“आता माझ्याकडे पाठ केलेलं काही उरलं नाही,” मी म्हटलं.

“माझ्याकडेही.”

“मग?”

“मग काय…”

बसून राहिलो. पाणी खडकाला हळूहळू थापटत होतं. तो शिंपल्याच्या कडेने दगडावर रेघा ओढत होता, उगाच. मी त्याचं मनगट हातात घेतलं आणि नाडी बघितली नाही. डाग बघितला. इतक्या उजेडात मी तो कधी पाहिलाच नव्हता. कडेला त्याची त्वचा अगदी नव्या बाळासारखी होती.

बऱ्याच वेळाने तो आपणहून बोलला. घासलेलं नव्हतं, अडखळत आलं.

“एक आहे… तुला सांगायचं राहिलेलं. म्हणजे सांगून उपयोग नाही असं वाटायचं. जाड सालीचा पाव असतो ना, तो भट्टीतून काढला की आवाज करतो. साल तडकते. बारीक… तडतड, टिक्‌टिक्‌… एक करायला लागला की फळीवरचे सगळे करतात. मी सगळं काम थांबवून ऐकतो. पोरकटपणा आहे. पण रोज वाटतं, हे हिला ऐकवायला हवं. आणि संध्याकाळी जिन्यापर्यंत आणेतो तो गप्प झालेला असतो.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. जिन्यातल्या सगळ्या लख्ख वाक्यांपेक्षा हे वाक्य वेडंवाकडं होतं. आणि एवढं माझं असं त्याने मला आजवर काहीच दिलं नव्हतं.

“वॉर्डात पहाटे,” मी म्हटलं, “आधी एकच जण खोकतो. मग त्याच्या शेजारचा. मग पलीकडचा. कोंबडे आरवतात तसं सगळ्या वॉर्डाचं होतं. आणि मला बरं वाटतं. म्हणजे, सगळे आहेत… रात्र पार पडली. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण खोकल्याचं काय सांगायचं नवऱ्याला!”

“सांगायचं,” तो म्हणाला.

“दिवसपाळीत ते ऐकू येणार नाही मला.”

“मग?”

“मग मी दिवसपाळी घेणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय.”

“आणि मी भिंतीसारखा बसलो तर?”

“तर मी टेकून बसेन.”

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. खडक उतरता होता. तो खालच्या अंगाला बसला होता आणि मी वरच्या. आमचे डोळे बरोबर समोरासमोर होते.

“हे पाठ केलेलं होतं?” त्याने हळूच विचारलं.

“आत्ता सुचलं.”

“मला पण एक सुचलंय.”

“बोल.”

तो बोलला नाही. आणि जे केलं ते होडीतून दिसलं असणार, कारण यजमानांनी तोंड फिरवलं.

मग दिवस कलायला लागला. त्याची झोपायची वेळ जवळ आली, माझी जागी व्हायची. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी सवयीने सावध बसले, आता याची झोप मोडायला नको म्हणून. पण सकाळपासून जागी होते, ऊन लागलं होतं, भांडले होते… आणि भांडणाने माणूस किती दमतो ते मला नवीनच कळत होतं. मी त्याच्या डोक्यावर डोकं टेकवलं. जरा वेळच म्हणून.

मावशींनी नंतर सांगितलं

पाणी शांत झाल्यावर यजमान अंगणाकडून मावशींना होडीत घेऊन खडकाशी आले. बघतात तर दोघंही झोपलेले. एकाच वेळी! मावशी हाक मारणार होत्या, तर यजमानांनी तोंडावर बोट ठेवलं. आणि मग ती दोघं तशीच, दोर खडकाला अडकवून, होडीत बसून राहिली, आम्ही आपणहून उठेपर्यंत.

“आम्ही पण तेवढ्यात एक भांडण उरकून घेतलं,” मावशी म्हणाल्या. “हळू आवाजात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला रांधणघरात नेलं. मी अंघोळ करून, पोटभर झोपून आलेली. पत्र्याच्या पिंपातून त्याने पाव काढला, फळीवर ठेवला आणि मागे सरकला. मी कान जवळ नेला. आधी काहीच नाही. मग एक बारीक टिक्‌. मग आणखी एक. मग सगळा पाव बोलायला लागला. मावशी म्हणाल्या, यात ऐकण्यासारखं काय आहे? आम्ही दोघांनी एकदमच “श्श!” केलं.

घरी परतल्यावर सासूबाईंनी दार उघडलं.

“आई, भांडण झालं,” मी चपला काढता काढता सांगितलं.

“किती वेळ?”

“भरती येईपर्यंत.”

सासूबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मग ठीक आहे,” म्हणाल्या, आणि तिघांचा चहा टाकायला आत गेल्या.

आमच्या इमारतीत लिफ्ट आहे. मी राहायला आले त्या पहाटे तिच्यात कोणाचं तरी कपाट अडकलं होतं. तेवढा एक दिवस सोडला, तर ती कधीच बंद नव्हती.